वस्ती बघायला येणाऱ्या लेखकरावांस

हल्ली वस्तीत एक नवी जमात यायला लागलीय. ती मतं मागत नाही, डास मारायचं औषध फवारत नाही. ती कादंबरीसाठी 'वातावरण' न्यायला येते. आल्या आल्या विचारते, अड्डा कुठाय? राडा कुठं होतो? रात्री आलं तर बघायला मिळेल का? गटाराचा फोटो काढते. चार शिव्या उतरवून घेते, त्यासुद्धा चुकीच्या. मग पुस्तक येतं आणि समीक्षक म्हणतात, काय जळजळीत वास्तव!

वास्तव कसलं डोंबलाचं!

बाहेरच्यानं आमच्यावर लिहूच नये, असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. तेंडुलकर कामाठीपुऱ्यातले नव्हते. पण 'गोलपिठा'ची (1972) प्रस्तावना लिहायची म्हटल्यावर त्यांनी ढसाळांना शब्दांचे अर्थ विचारले. विचारायची लाज वाटली नाही. आजच्या लेखकाला सगळं सिनेमातनं आधीच ठाऊक असतं. वस्तीत तो फक्त पुरावा गोळा करायला येतो.

लेखकराव, रात्री बाराला येऊ नका. पहाटे चारला या, पाण्याच्या वेळेला. हंड्यांचा नंबर कोण लावतं, पाण्याचे पैसे कुणाच्या हातात जातात, ते बघा. 1995 नंतरच्या झोपडीला पाणीच नाही, असा सरकारी हिशेब होता. पाणी हक्क समिती कोर्टात गेली, आणि 2014 च्या डिसेंबरात हायकोर्टानं सांगितलं की झोपडी बेकायदा असली तरी माणसाचं पाणी तोडता येत नाही. तहान लागायलासुद्धा तारीख लागत होती! तुमच्या कादंबरीतल्या भाईचा चाकू एवढा खोल जात नाही.

कागद बघा. पत्र्याच्या पेटीत, प्लास्टिकच्या पिशवीत, फोटोपास, लाइटबिल, जुनं रेशनकार्ड. 1 जानेवारी 2000 च्या आधीचा पुरावा असला तर पुनर्वसनात घर फुकट. 2011 च्या सुरुवातीपर्यंतचा असला तर पैसे भरून. त्याच्या पुढचा, तर तू कोण? म्हणून पाणी भरलं की आमची आई आधी ती पिशवी उचलते, मग टीव्ही.

ट्रॉम्बेच्या चीता कॅम्पवर लिहायचंय? मग आधी जनता कॉलनी लिहा. 1976 च्या मे महिन्यात, आणीबाणीत, भाभा अणुकेंद्राच्या शेजारची ती वस्ती पोलीस लावून उठवली. हजारो माणसं खाडीकाठच्या दलदलीत नेऊन टाकली. चिखलात भराव टाकून घरं उभी केली ती त्याच माणसांनी. एवढं सगळं वगळायचं आणि तिथल्या पोरांना जन्मजात गुंड दाखवायचं, ह्या चोराच्या उलट्या बोंबा झाल्या.

मी गोदीत हमाली करतो. आमची पाळी, मुकादम, हजेरी, बुडालेला रोज तुमच्या पानांत कधी दिसत नाही. दारू दिसते. आमच्या गल्लीत सकाळी आठला आलात तर भांडायला माणूस सापडायचा नाही. सगळे कामावर गेलेले असतात.

आणि वस्तीचं खरं नाव छापता, म्हणे अस्सलपणा. दहावीला माझ्या बाकावर बसणारा पोरगा एका कंपनीत मुलाखतीला गेला. साहेबानं पत्ता वाचला, हसला, म्हणाला, "अरे, तिथला का तू?" पुढं काही कळवलं नाही. आता तो अर्जावर आत्याचा पत्ता लिहितो. बाबुराव बागुलांनी 1963 साली जात चोरायला लागणाऱ्या माणसाची कथा दिली. जात अजून चोरावी लागतेच, वर आता पत्ताही चोरायची पाळी आलीय, आणि त्यात तुमच्या जळजळीत वास्तवाचा वाटा आहे.

अण्णाभाऊ घाटकोपरच्या चिरागनगरात राहून लिहीत होते. तुम्ही राहा असं म्हणत नाही, झेपायचं नाही. पण छापायच्या आधी हस्तलिखित घेऊन या. समाजमंदिरात मोठ्यानं वाचा. बायकांना पुढं बसवा. रविवारी दुपारी या, बहुतेक सगळे घरी असतात.