महिनाभराचं सामान

महिनाभरासाठी बाहेरगावी जायचं असेल तर तुम्ही बॅगेत काय काय भराल?

जून 1975मध्ये दक्षिण व्हिएतनाममधल्या कितीतरी घरांत अशी बॅग भरली गेली. 30 एप्रिलला सायगॉन पडलं होतं, युद्ध संपलं होतं. हरलेल्या बाजूच्या लष्करी अधिकाऱ्यांना नव्या सरकारने 'पुनर्शिक्षणा'साठी बोलावलं. सोबत महिनाभर पुरतील एवढे कपडे, मच्छरदाणी आणि जेवणाचे पैसे आणायला सांगितलं.

महिना संपला, पण माणसं परतली नाहीत. कुणी तीन वर्षांनी आलं, कुणी दहा, काही जण तर सतरा वर्षांनी. खटला नाही, शिक्षा किती तेही ठाऊक नाही. अर्धपोटी राबायचं आणि स्वतःचे 'गुन्हे' पुन्हा पुन्हा लिहून काढायचे.

इकडे बायकांनी घरातल्या वस्तू विकून मुलं वाढवली, दूरच्या छावणीत नवऱ्याला खायला नेऊन दिलं. काहींनी मुलांना बोटीतून समुद्रापार धाडलं. पुढे 1989मध्ये अमेरिका आणि व्हिएतनाममध्ये करार झाला. तीन किंवा जास्त वर्षं छावणीत काढलेल्यांना कुटुंबासह अमेरिकेत जायची वाट मिळाली. चला, सुटले एकदाचे, असं आपल्याला वाटतं. पण आई आता सगळे निर्णय एकटीने घ्यायला सरावलेली, मुलं इंग्रजीत बोलायला लागलेली आणि बाबा गप्प.

तुम्ही म्हणाल, बोलून मोकळं का होत नाहीत? पण ज्याच्याकडून वर्षानुवर्षं जबरदस्तीने कबुलीजबाब लिहून घेतले, त्याला 'सगळं सांगा ना' हे शब्द कसे ऐकू येत असतील? शिवाय काहींच्या डोक्याला मारही बसला होता. अशा माजी कैद्यांच्या मेंदूचा काही भाग पातळ झालेला दिसतो आणि त्याचा नैराश्याशी संबंध आहे, असं अमेरिकेतल्या डॉक्टरांनी 2009मध्ये मांडलं. म्हणजे दरवेळी तो स्वभावच असतो असं नाही!

मुलांचा रागही मला खोटा वाटत नाही. समोर बसलेला माणूस बोलतच नसेल तर त्यांनी काय करायचं?

थी बुई लहान असताना, 1978मध्ये, तिचं कुटुंब बोटीतून निसटलं. तिचे बाबा छावणीतले कैदी नव्हते, तरी घरात त्यांची भीती वाटायची. मोठेपणी तिने आईवडिलांना बोलतं केलं आणि त्यांची गोष्ट चित्रांतून सांगितली. 'द बेस्ट वी कुड डू' हे तिचं पुस्तक 2017मध्ये आलं. त्यात तिने बाबांना भित्र्या, उपाशी मुलाच्या रूपातही काढलंय.