कादंबरीला कुलूप कशासाठी?

शाळेच्या ग्रंथालयात कादंबऱ्या असाव्यात की नसाव्यात, आणि असल्यास त्या नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांच्या हाती ग्रंथपालाने आपण होऊन द्याव्यात काय, हा प्रश्न आपल्या धर्मग्रामांतून अधूनमधून डोके वर काढीत असतो. अलीकडे एका शाळेतील ग्रंथपालबाईंनी सुट्टीत वाचावयाच्या पुस्तकांची एक यादी सूचनाफलकावर लावली. तीत व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी', शान्ता शेळके यांनी मराठीत आणलेली 'चौघीजणी', प्रकाश नारायण संतांचे 'वनवास' आणि मिलिंद बोकील यांची 'शाळा' ही नावे होती. पहिल्या तिन्हींविषयी कोणी चकार शब्द काढला नाही. चौथ्या नावावरून मात्र काही पालक आमच्याकडे आले. नववीतल्या मुलाच्या मनात वर्गातल्या मुलीविषयी प्रेम उपजते, मुले आपसांत शिवराळ बोलतात, असले पुस्तक कॅथलिक घरात यावेच कसे, हा त्यांचा सवाल. यादी काढून घ्यावी आणि कादंबऱ्यांच्या कपाटाला कुलूप घालावे, ही त्यांची मागणी. या मागणीस आमचा विरोध आहे, आणि तो का आहे हे येथे स्पष्टपणे मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रथम एक गोष्ट मान्य करू. पालकांची काळजी खोटी नाही. ज्या आईबापांनी मुलाला बाप्तिस्म्याच्या कुंडापाशी आणले, त्यांनी त्याच्या मनात काय शिरते याकडे डोळेझाक करावी, असे आम्ही कधीही म्हणणार नाही. आईवडील हेच मुलांचे पहिले शिक्षक होत, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 साली शिक्षणविषयक घोषणापत्रात सांगितलेच आहे. परंतु शिक्षकाचा अधिकार सांगणाऱ्याने शिक्षकाचे कष्टही घ्यावे लागतात. आमच्याकडे आलेल्यांपैकी ती कादंबरी कोणी वाचली होती? एकानेही नाही. मोबाईलवर टिपलेले एका पानाचे छायाचित्र हातोहात फिरले होते, आणि त्या एका पानावर तीनशेहून अधिक पानांच्या पुस्तकाचा निवाडा झाला होता!

ज्यांनी ते पुस्तक वाचले आहे त्यांस ठाऊक आहे, की 2004 साली प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीचा काळ आणीबाणीचा आहे. शिस्तीच्या नावाखाली मोठ्यांची तोंडे बंद झाली असताना एक मुलगा आपले कोवळे मन कसे सांभाळतो, याची ती कथा आहे. त्या प्रेमाला कोणतीही फिल्मी फलश्रुती नाही. शेवटी वाट्याला येतो तो विरह, आणि दहावीचे वर्ष. त्या मुलाला मनातले विचारावयास एक मामा आहे, जो त्याची थट्टा करीत नाही आणि त्याला धाकही दाखवीत नाही. पालकहो, आपल्या मुलाला असा मामा आहे काय? नसेल, तर ते प्रश्न तो कोणाला विचारतो? पुस्तकात प्रेम असल्यामुळे पंधराव्या वर्षी प्रेम उपजते, असा समज असणाऱ्यांनी आपले पंधरावे वर्ष आठवून पाहावे.

पानावर पाप दिसले म्हणजे पुस्तक पापी, हा निकष लावावयाचा झाला तर प्रथम कोणते पुस्तक बंद करावे लागेल? पवित्र बायबलच. दावीद राजाने उरीयाची पत्नी घेतली आणि उरीयाला लढाईच्या तोंडी देऊन मारविले, ही कथा शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात काहीही न झाकता सांगितली आहे. पुढे नाथान संदेष्टा राजाकडे आला, त्याने काय केले? त्याने आरोपपत्र वाचले नाही. त्याने एक गोष्ट सांगितली: एक श्रीमंत, एक गरीब, आणि गरिबाची जीव लावून वाढविलेली एकुलती एक मेंढी. राजा त्या गोष्टीतल्या श्रीमंतावर संतापला, त्याला शिक्षाही सुनावून बसला, आणि मगच नाथानाने त्याला सांगितले की तो माणूस तूच आहेस. कथेचे सामर्थ्य ते हेच. दुसऱ्याचा न्याय करता करता माणूस स्वतःपाशी येऊन पोचतो. उपदेश ऐकताना आपण दारे लावून घेतो. गोष्ट ऐकताना ती उघडी राहतात.

प्रभू येशूनेही हीच वाट धरली. उधळ्या पुत्राच्या दाखल्यात बापाची मालमत्ता उधळणारा मुलगा आहे, वेश्यांचा उल्लेख आहे, आणि भावाचा मत्सर आहे. थोरला भाऊ अखेर घरात शिरला की अंगणातच रुसून उभा राहिला, हे प्रभूने सांगितलेले नाही. ते ठरविण्याचे काम ऐकणाऱ्यावर सोपविले आहे. आपण मात्र मुलांना केवळ शेवटी तात्पर्य छापलेलीच पुस्तके देऊ इच्छितो.

काहीजण संतांची उदाहरणे पुढे करतात. 1521 साली पाम्प्लोनाच्या लढाईत जखमी झालेल्या संत इग्नेशियसांनी शौर्यकथा मागितल्या, घरात त्या नव्हत्या, म्हणून ख्रिस्तचरित्र व संतचरित्रे त्यांच्या हाती आली, आणि त्यांचे जीवन पालटले. तेव्हा मुलांनाही तेवढेच द्यावे, असा हा युक्तिवाद. पण हे अर्धेच सत्य झाले. शौर्यकथांची स्वप्ने मागे कोरडेपणा ठेवून जातात आणि संतांच्या विचारांनी मनात आनंद टिकून राहतो, हा फरक इग्नेशियसांनी ओळखला. तो ओळखता आला, कारण दोन्ही प्रकारच्या कथा त्यांच्या मनात नांदत होत्या. येशूसंघाच्या विवेकसाधनेचे मूळ या तुलनेत आहे. आविलाच्या संत तेरेजांनी लहानपणी आईबरोबर अशाच अद्भुतकथा वाचल्या आणि पुढे त्याबद्दल खेद व्यक्त केला, हेही खरे. परंतु वडिलांना ते वाचन रुचत नसे, म्हणून ते त्यांच्या नजरेआड होई, हेही त्यांनीच लिहून ठेवले आहे. नापसंतीने वाचन थांबले नाही, ते केवळ लपले.

निषिद्ध ग्रंथांची यादी आपल्या चर्चनेही करून पाहिली आहे. रोममध्ये ती 1559 साली निघाली आणि चार शतकांनंतर, 1966 साली, पोप सहावे पॉल यांच्या कारकिर्दीत तिचे कायदेशीर बंधन संपले. वाचकाच्या सदसद्विवेकबुद्धीवर त्यानंतर भार टाकण्यात आला. जे कुलूप रोमने साठ वर्षांपूर्वी काढले, ते आपण आपल्या शाळेतल्या कपाटाला पुन्हा लावावे काय? चौथ्या शतकात संत बेसिल यांनी तरुणांना ख्रिस्तेतर ग्रीक साहित्य वाचण्याविषयी मार्गदर्शन करताना मधमाशीचे उदाहरण दिले होते. ती सर्वच फुलांवर बसत नाही, आणि बसते तेथूनही सगळे उचलून नेत नाही. ज्या मधमाशीला बागेतच जाऊ दिले नाही, तिला निवड कोण शिकविणार?

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी 17 जुलै 2024 रोजी साहित्यवाचनावर एक स्वतंत्र पत्रच लिहिले. 1964-65 मध्ये अर्जेंटिनातील सांता फे येथील येशूसंघीय शाळेत ते साहित्य शिकवीत, तेव्हाचा अनुभव त्यांनी त्यात सांगितला आहे. अभ्यासक्रमात 'एल सिद' हे जुने महाकाव्य होते. मुलांना गार्सिया लॉर्का वाचावयाचा होता. महाकाव्य घरी वाचा, वर्गात आपण तुमच्या आवडीच्या लेखकांविषयी बोलू, असे त्यांनी ठरविले. लॉर्का काही भक्तिपर लेखक नव्हे. ग्रंथपालबाईंनी याहून वेगळे काय केले?

आणि कथा-कादंबरी ही बाहेरून आलेली बला आहे, असे मराठी ख्रिस्ती माणसाने तरी म्हणू नये. फादर स्टीफन्स यांनी 1616 साली 'ख्रिस्तपुराण' छापले ते पुराणाच्या घाटात, ओवीछंदात. कारण येथल्या माणसाला कथेची गोडी आहे, हे त्यांनी जाणले होते. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून जिचा उल्लेख होतो, ती 1857 ची 'यमुनापर्यटन' बाबा पदमनजी या ख्रिस्ती लेखकाची. विधवांची दुःखे तीत आहेत. ती 'अप्रिय' म्हणून त्यांनी झाकली नाहीत. फादर फ्रान्सिस दिब्रिटो 2020 साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा आपण वसईत पेढे वाटले. कपाटाला कुलूप लावून असा साहित्यिक पुन्हा घडेल काय?

दुसरा एक वर्ग आहे, त्याला पापपुण्याशी कर्तव्य नाही, गुणांशी आहे. 'अवांतर वाचन' हा त्याचा शब्द. अपेक्षित प्रश्नसंच आणि गाईडे यांपलीकडचे सारे अवांतर! या वर्गाच्या कृपेने किती शाळांत ग्रंथालयाची खोली मोडक्या बाकांची कोठी झाली आहे, आणि अर्धवेळ ग्रंथपाल परीक्षेच्या कामाला जुंपला गेला आहे. हा वर्ग मुलांच्या हाती मोबाईल मात्र सहज देतो. त्या काचेच्या तुकड्यावर जे येते त्याची यादी कोणी केली आहे? ते आधी वाचून, या मुलाला हे झेपेल की नाही, असे तेथे कोण ठरविते?

ग्रंथपाल ठरविते. तिचे काम नोंदवहीत दाखल क्रमांक लिहिण्याइतकेच नाही. डॉ. रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राची पंचसूत्रे मांडली; प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, ही त्यांतली दोन. ज्याचे वडील दारू पितात, जिची आई आखातात नोकरीला आहे, जो वर्गात कोणाशी बोलत नाही, त्याला कोणते पुस्तक द्यावे हे ती मूल पाहून ठरविते. पाचवीच्या मुलीला ती 'शाळा' देत नाही. देहाचा बाजार मांडणारे, हिंसेत रमणारे पुस्तक ती शाळेत आणीतच नाही. मर्यादा हवी, यात वाद नाही. ती वाचलेल्या माणसाने घालावी, इतकेच आमचे म्हणणे.

म्हणून पालकांना आमची विनंती आहे. ज्या पुस्तकाविषयी शंका येईल ते प्रथम स्वतः वाचा. मुलाबरोबर वाचता आले तर फारच उत्तम. रात्रीच्या जपमाळेनंतर दहा मिनिटे त्यावर बोला. वाचूनही ते आपल्या मुलाला देऊ नये असे वाटले, तर ग्रंथपालबाईंना तसे सांगा. त्या मान राखतील. मात्र आपल्या मुलासाठी घेतलेला निर्णय शेजाऱ्याच्या मुलावर लादण्याचा अधिकार आपणांस नाही, आणि यादी फाडण्याचा तर मुळीच नाही. ती यादी सूचनाफलकावर राहावी, हेच आमचे मत आहे. आणि जेथे आमचा शब्द चालतो तेथे आम्ही तो तिच्याच बाजूने टाकणार आहोत.