पुरळ बाळाच्या गालावर, पथ्य आईच्या ताटावर

बाळ पंधरा-वीस दिवसांचे झाले की कधी कधी त्याच्या नितळ गालांवर लाल, बारीक पुळ्या उठतात. काहींच्या टोकाशी पांढरा ठिपकाही दिसतो. मग घरात तर्क सुरू होतात. आईने काहीतरी उष्ण खाल्ले असेल, दूध बाधले असेल, नाहीतर दृष्ट लागली असेल. शेवटी बोट बहुधा आईकडेच वळते आणि तिच्या जेवणातला एकेक पदार्थ बंद होऊ लागतो.

या पुळ्यांचा आईच्या जेवणाशी संबंध नाही. हे नवजात मुरूम असून साधारण पाचांपैकी एका बाळाला ते होतात. आईकडून आलेली आणि बाळाच्या स्वतःच्या शरीरात तयार होणारी संप्रेरके त्वचेतील तैलग्रंथींना चालना देतात. तेलकट त्वचेवर राहणाऱ्या मलासेझिया या सूक्ष्म बुरशीचाही त्यात हात असावा, असे मानले जाते. दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात गाल, कपाळ, नाक आणि हनुवटीवर उठणारे हे पुरळ बहुतेकदा काही आठवड्यांत, फार तर तीन-चार महिन्यांत, डाग न ठेवता जाते.

त्यासाठी औषध लागत नाही. दिवसातून एकदा कोमट पाण्याने चेहरा धुवावा आणि मऊ सुती कापडाने टिपावा, चोळू नये. पुळ्या फोडू नयेत. चेहऱ्याला तेल, डाळीचे पीठ, हळद-साय किंवा पावडर लावू नये. औषधाच्या दुकानातून कुणीतरी सुचवलेले मलम तर मुळीच नको. अशा मलमांत अनेकदा स्टिरॉइड असते आणि बाळाची पातळ त्वचा ते चटकन शोषून घेते.

नंदुरबारमध्ये हा विषय केवळ त्वचेपुरता राहत नाही. 1998 मध्ये धुळ्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात दोन-तृतीयांशाहून अधिक लोक आदिवासी आहेत आणि कुपोषणाचा प्रश्न अजून सुटलेला नाही. स्तनदा मातांना अंगणवाडीतून एक वेळचा चौरस आहार मिळावा, म्हणून 2015 पासून अमृत आहार योजना राबवली जाते. एकीकडे शासन तिच्या ताटात अंडे आणि डाळ वाढते आणि दुसरीकडे बाळाच्या गालावरच्या चार पुळ्यांपायी घरचेच ते काढून घेतात. पुळ्या आपोआप जातील, पण अशक्त आईची झीज तशी भरून निघत नाही.

हे सांगायला नवी योजना लागणार नाही. गृहभेटीतून नवजात बालकांची काळजी घेण्याच्या कार्यक्रमात, रुग्णालयात प्रसूती झालेल्या घरी आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जातात. मुरूम उठण्याचा काळ नेमका चौदाव्या ते अठ्ठाविसाव्या दिवसांच्या भेटींत येतो. म्हणून चौदाव्या दिवशीच, पुरळ उठण्याआधी, ‘असे दिसले तर घाबरू नका, काही लावू नका, आईचे जेवण तोडू नका’ हे सांगून ठेवायला हवे. तेही आईसोबत सासूला आणि घरात बोलल्या जाणाऱ्या पावरी, मावची, भिली किंवा अहिराणीत. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून दवाखाना गाठायचा म्हणजे दिवसाची मजुरी बुडते. विनाकारण घडलेली अशी एक फेरी पुढच्या खऱ्या गरजेच्या वेळी पाय मागे ओढू शकते.

मात्र ‘घाबरू नका’ एवढेच सांगून थांबणे धोक्याचे आहे. तान्ह्या बाळाच्या अंगावरची प्रत्येक पुळी मुरूम नसते. अंगावर पू भरलेले दहा किंवा अधिक फोड किंवा एकच मोठे गळू दिसले, तर तो गंभीर जंतुसंसर्ग असू शकतो. पाणी भरलेले फोड, बेंबीभोवतीची लाली, ताप, अंग गार पडणे, मिनिटाला साठ किंवा अधिक श्वास, दूध न ओढणे, बाळ मलूल होणे, यांपैकी काहीही दिसले तर वाट पाहू नये. ‘उष्णता आहे’ म्हणून घालवलेला एक दिवसही अशा बाळाच्या जिवावर बेतू शकतो. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते आणि सरकारी रुग्णालयात आजारी बालकावर वर्षभरापर्यंत मोफत उपचार होतात. तीन महिन्यांनंतर नव्याने उठलेले किंवा न जाणारे मुरूमही डॉक्टरांना दाखवावेत, कारण त्यांचे व्रण राहू शकतात.

पुरळ फक्त चेहऱ्यावर आहे का आणि बाळ नेहमीसारखे दूध पिते का, हे दोन प्रश्न घरातल्या कुणालाही विचारता येतात. दोन्हींचे उत्तर ‘हो’ असेल आणि धोक्याची कोणतीही खूण नसेल, तर बाळाच्या गालांना हात लावू नये आणि आईला पोटभर जेवू द्यावे.