मधली पायरी



गेले तीन आठवडे आमचा मजकूर या पानावर दिसला नाही, म्हणून बऱ्याच जणांनी चौकशी केली. प्रकृती ठणठणीत आहे. आम्ही दक्षिण आफ्रिकेत होतो. रेल्वेच्या कारखान्यात अडतीस वर्षे घाम गाळलेला माणूस आफ्रिकेत काय करतो, असे तुम्हाला वाटेल. आमची मुलगी संगणकाच्या कामासाठी दोन वर्षांच्या करारावर जोहान्सबर्गला आहे. तिने तिकिटे पाठवली आणि आम्ही दोघे निघालो. परत आल्यापासून चाळीत जो भेटतो तो एकच विचारतो, "सिंह बघितला का?" बघितला. झोपला होता. पण आज लिहायचे आहे ते सिंहाविषयी नाही, चहाच्या एका कपाविषयी.

सुरुवात जोहान्सबर्गपासून करतो. तेथे वर्णभेदाचे संग्रहालय आहे, २००१ साली सुरू झालेले. तिकीट काढले की कोणाच्या हाती 'गोरे' असे तिकीट येते, कोणाच्या हाती 'बिगरगोरे'. कातडी बघून नव्हे, लॉटरी निघावी तसे. ज्याचे जसे तिकीट तसे त्याचे दार. आम्हाला 'गोरे' निघाले, आमच्या सौ.ना 'बिगरगोरे'. हसतच दोघे दोन दारांनी आत गेलो. मध्ये जाळी. भिंतींवर त्या काळची ओळखपत्रे. थोडे पुढे गेल्यावर सौ. दिसेनाशा झाल्या आणि हसू मावळले. आतले रस्ते पुढे एकत्र येतात, हे माहीत असूनही पाय भराभर पडू लागले.

खोटे कशाला बोलावे? 'गोरे' हे तिकीट हातात पडले तेव्हा क्षणभर बरे वाटले होते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

त्या देशात १९४८ साली नॅशनल पार्टीचे सरकार आले आणि वर्णभेद हेच राज्याचे धोरण झाले. १९५० च्या नोंदणी कायद्याने प्रत्येक माणसावर वंशाचा शिक्का बसला. गोरे, मिश्रवंशीय, भारतीय आणि काळे असे गट पाडले. कोण कोणत्या गटातला, असा वाद आला तर केसांत पेन्सिल खोवून बघत. पेन्सिल खाली पडली तर एक गट, अडकून राहिली तर दुसरा. सख्खी भावंडे वेगवेगळ्या गटांत गेली. त्याच वर्षीच्या दुसऱ्या कायद्याने कोणी कुठे राहायचे तेही ठरले. केपटाऊन शहरातील डिस्ट्रिक्ट सिक्स ही जुनी, सगळ्या रंगांच्या माणसांची मिसळलेली वस्ती. ११ फेब्रुवारी १९६६ रोजी ती गोऱ्यांसाठी जाहीर झाली. पुढच्या काळात सुमारे ६०,००० माणसांना तेथून उठवले आणि घरांवर बुलडोझर फिरवला.

नोंदणीचा तो कायदा १९९१ साली रद्द झाला. एप्रिल १९९४ मध्ये सर्वांनी एका रांगेत उभे राहून मतदान केले आणि नेल्सन मंडेला राष्ट्राध्यक्ष झाले. कायदा गेला. पण केपटाऊनच्या विमानतळावरून शहरात येताना रस्त्याच्या कडेला पत्र्याच्या झोपड्यांची रांग संपता संपत नाही आणि पुढे डोंगराच्या पायथ्याशी बागांची घरे लागतात, तेव्हा नकाशा अजून जुनाच आहे हे कळते. पर्यटकांना या काळ्या वस्त्या दाखवायला बसगाड्या जातात. आम्हीही एका गाडीत बसलो. एका नळावर बाया पाणी भरत होत्या. गाडीतल्यांनी भराभर कॅमेरे काढले, आमचाही हात खिशाकडे गेला. तेवढ्यात सौ. हळूच म्हणाल्या, "आपल्या नळावर असा कोणी फोटो काढायला आला असता, तर तुम्ही काय केलं असतं?" हात खिशातच राहिला.

केपटाऊनहून बोटीने रॉबेन बेटावर गेलो. मंडेलांच्या सत्तावीस वर्षांच्या तुरुंगवासातील अठरा वर्षे येथे गेली. तुरुंग दाखवणारे गृहस्थ स्वतः तेथे राजकीय कैदी होते. तेथे कैद्यांच्या जेवणाचा तक्ता लावलेला आहे. तो वाचून आम्ही जागीच उभे राहिलो. मिश्रवंशीय आणि भारतीय कैद्यांना पाव मिळत असे, काळ्यांना नाही. काळ्या माणसाला पाव आवडतच नाही, असे सरकारने धरून चालले होते. साखरही काळ्यांना कमी. मंडेला आणि भारतीय वंशाचे अहमद कथराडा यांना १९६४ साली एकाच खटल्यात एकच शिक्षा झाली, जन्मठेप. पण कथराडांना लांब पँट मिळाली आणि मंडेलांना पोरासोरांसारखी अर्धी चड्डी. लांब पँटसाठी काळ्या कैद्यांना भांडावे लागले. जेवण सर्वांना सारखे मिळायला १९७९ साल उजाडले.

आम्ही समजत होतो की तेथे गोरे आणि काळे अशी दोनच टोके आहेत. तसे नव्हते, तेथे शिडी होती. एकाच साखळीत बांधलेल्यांना एकमेकांहून वरचढ करण्यासाठी अर्धा पाव पुरतो. परमपूज्य बाबासाहेबांनी ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हटले, ती आम्ही समुद्रापलीकडे जेवणाच्या तक्त्यात वाचली.

तेथून डर्बनला गेलो. येथे भारतीय वंशाचे लोक खूप. १८६० साली ऊसमळ्यांसाठी करारबद्ध मजुरांची पहिली जहाजे येथे लागली आणि १९११ पर्यंत दीड लाखांवर माणसे आली. त्यांच्याच नातवंडा-पतवंडांपैकी एका कुटुंबाकडे आम्ही पैसे भरून चार दिवस राहिलो. माणसे प्रेमळ. पहिल्याच दिवशी आम्हाला सांगितले, "तुम्ही आपली माणसं. या काळ्यांपासून जरा जपून राहा." त्यांच्या घरी एक झुलू बाई कामाला होत्या. वय साठीच्या पुढे. घरातली शाळकरी पोरेसुद्धा त्यांना नुसत्या नावाने हाक मारीत. आमच्या आजोबांना गावातली पोरे अशीच हाक मारायची.

दुपारी चहा झाला. आम्हाला चिनी मातीचे कप. त्या बाईंनी सिंकखालचा एक कप्पा उघडला, तेथला टवके उडालेला इनॅमलचा मग काढला, त्यात आपला चहा ओतला आणि मागच्या पायरीवर जाऊन बसल्या. पिऊन झाल्यावर मग धुतला आणि पुन्हा सिंकखाली ठेवला.

वाचकहो, वेगळ्या कपाचा अर्थ आपल्याला कोणी समजावून सांगावा लागत नाही. आमच्या वडिलांनी गावच्या हॉटेलाबाहेर वळचणीला खोचलेला कप स्वतः काढून, स्वतः धुऊन चहा प्यायला आहे. आणि त्यांचा मुलगा इकडे डर्बनमध्ये चिनी मातीच्या कपातून चहा पीत होता आणि गप्प होता. का गप्प होता? पाहुणे होतो, परका देश होता, ही झाली कारणे. खरे कारण ते तिकीट. आयुष्यात पहिल्यांदाच कोणी आम्हाला 'आपली माणसं' म्हणून वरच्या पायरीवर बसवले होते आणि तेथून उठवत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सौ. स्वयंपाकघरात गेल्या. आदल्या दिवशी त्या बाईंकडूनच त्या एक शब्द शिकल्या होत्या, सावुबोना. झुलू भाषेतला हा नमस्कार. त्याचा शब्दशः अर्थ, आम्ही तुम्हाला पाहिले. सौ.नी सावुबोना म्हटले, सिंकखालचा मग काढून स्वतःसाठी घेतला, चिनी मातीचा कप त्या बाईंपुढे ठेवला आणि स्टूल ओढून शेजारी बसल्या. घरमालकीण दारात येऊन थबकली. बोलली काही नाही. पुढे त्या घरात काय बदलले, आम्हाला ठाऊक नाही. कदाचित काहीच नाही.

त्या शहरातल्या दोन जुन्या गोष्टी सांगतो. डर्बनच्या टपाल कचेरीला पूर्वी दोन दारे होती, एक गोऱ्यांचे आणि दुसरे भारतीय व काळे मिळून दोघांचे. मोहनदास गांधी तेव्हा तेथे वकील होते. त्यांच्या नाताळ इंडियन काँग्रेसने तक्रार केली. तिच्या १८९५ च्या अहवालात फळ नोंदले आहे: आता तिन्ही समाजांना तीन वेगळी दारे. एक पायरी वाढली. दुसरी गोष्ट १९८४ ची. वर्णभेदी सरकारने गोऱ्यांखेरीज मिश्रवंशीयांना आणि भारतीयांना संसदेत वेगळी सभागृहे देऊ केली. काळ्यांना काहीच नाही. पुन्हा तोच पाव. पण या वेळी बहुसंख्य भारतीयांनी मतदानाकडे पाठ फिरवली. ज्या दारातून शेजाऱ्याला जाता येत नाही ते आम्हाला नको, असे त्यांनी घरी बसून सांगितले. मधल्या पायरीवरून खाली उतरता येते, हे त्यांनी करून दाखवले.

आता आपले बघू. आपल्यातल्या कित्येकांची मुले शिकली, नोकरीला लागली, फ्लॅटमध्ये राहायला गेली. आनंदच आहे. पण त्यांच्याकडे धुणीभांडी करायला येणाऱ्या बाईंचा कप कुठे ठेवलेला असतो? कचरा न्यायला येणाऱ्या भावाला पाणी कशातून दिले जाते? सोयरीक जुळवताना पोटजात अजून कोण विचारतो? आमच्या घरापासून सुरुवात केली. परत आल्यावर फडताळ उघडले, तर मागे एक कडी तुटलेला कप निघाला. जिना झाडणाऱ्या मावशींसाठी ठेवलेला. किती वर्षे होता, आठवेना. कोणी ठेवला, हे आम्हीही विचारले नाही आणि सौ.नीही विचारले नाही.

तो कप टाकून दिला. मावशी आता आमच्याच कपातून चहा घेतात. या रविवारी तुम्हीही आपले फडताळ एकदा उघडून बघा.