आहेर नको, पण रंग हवा

लग्नपत्रिकेच्या तळाशी आता दोन सूचना असतात. पहिली जुनी: 'कृपया आहेर आणू नये.' दुसरी अलीकडची: 'हळद - पिवळा, संगीत - पेस्टल, रिसेप्शन - काळा किंवा सोनेरी. सर्वांनी ड्रेस कोड पाळावा ही विनंती.' या दोन सूचना एकाखाली एक छापणाऱ्या यजमानांना माझा सरळ प्रश्न आहे. 500 रुपयांचं पाकीट आणू नका म्हणता आणि तीन कार्यक्रमांना तीन रंगांचे कपडे घालून या म्हणता, तेव्हा तुम्ही पाहुण्याचा खर्च वाचवता की वाढवता? पाकिटात किती घालायचे ते निदान पाहुणा ठरवत होता. आता किती, कशावर आणि कुठल्या छटेत, हे सगळं तुम्हीच ठरवता. हा आहेरच आहे. फक्त तो पाहुण्याच्या अंगावरून वसूल होतो आणि तुमच्या अल्बममध्ये जमा होतो.

माझं म्हणणं थोडक्यात असं: पाहुण्यांच्या अंगावर ज्याला अमुकच रंग हवा असेल, त्याने ते कापड स्वतःच्या पैशाने द्यावं. तेवढी ऐपत किंवा इच्छा नसेल, तर रंग सांगू नये.

हे मी काही जगावेगळं मागत नाही. आपल्याकडे लग्नातलं कापड यजमानाच्या घरातून पाहुण्याकडे जात आलेलं आहे. विहिणीला साडी, मामाला टोपी-उपरणं, आत्या-मावशीला खण, करवलीला परकर-पोलकं. त्या मानपानात रुसवेफुगवे होते, मुलीच्या बापाला कर्जात बुडवणारी लूट होती. ती प्रथा परत यावी असं मी म्हणणार नाही. पण एवढी समज त्यात होती की आपल्या हौसेचं कापड आपण घ्यायचं असतं. ती समज आजही एका ठिकाणी शाबूत आहे. कार्यालयाच्या दारात फेटेवाला बसवलेला असतो. येणाऱ्या प्रत्येक पुरुषाला तो एकाच रंगाचा फेटा बांधतो आणि त्याचे पैसे यजमान देतो. कोणा काकांना 'येताना केशरी फेटा विकत घेऊन या' असं कोणी सांगत नाही. त्याच मांडवात बायकांना मात्र सांगितलं जातं की साडी तुमची तुम्ही आणा, आम्ही फक्त रंग कळवू. पुरुषाच्या डोक्यावरचा रंग यजमानाच्या खर्चाने आणि बाईच्या अंगावरचा रंग तिच्या स्वतःच्या, हा हिशेब कुठल्या न्यायात बसतो ते मला कोणीतरी समजावून सांगावं.

शिवाय साडी म्हणजे नुसती साडी नसते. तिच्यासोबत ब्लाउजपीस, अस्तर, शिलाई, फॉल-बिडिंग, त्या रंगाचा परकर, त्या रंगाच्या बांगड्या हे सगळं आलं. साधी सिंथेटिक साडी घेतली तरी हा पसारा हजार-दीड हजारांवर जातो. घरात दोन मुली असतील तर त्यांचेही कपडे. कार्यक्रम तीन असतील तर हे तीनदा. आणि एवढं करून घेतलेली ती फिकट जांभळी साडी पुन्हा कुठे नेसायची? पुढच्या लग्नाचा रंग वेगळा असतो.

पिवळ्यातही आता नुसता पिवळा चालत नाही. फोनवर छटांची पट्टी येते आणि तिच्यातली मोहरी चालते, लिंबू चालत नाही. माझ्या कपाटात डाळिंबी आहे, आमसुली आहे, चिंतामणी आहे, आईची मोरपंखी नारायणपेठ आहे. यातली प्रत्येक साडी मी निवडून घेतली किंवा कोणीतरी प्रेमाने दिली. यातली एकही त्या पट्टीत बसत नाही, म्हणून त्या सगळ्या एका दिवसात नालायक ठरतात.

आमच्या नात्यातल्या एका हळदीची गोष्ट सांगते. नवऱ्या मुलीची आजेमावशी तिची ठेवणीतली वांगी रंगाची इरकल नेसून आली होती. घरातल्या प्रत्येक शुभकार्याला ती हीच साडी नेसते. जात्यावरच्या ओव्या त्या घरात आता तिला एकटीलाच येतात आणि सकाळी तिनेच त्या म्हटल्या होत्या. सगळ्या बायकांचा फोटो घेताना फोटोग्राफर म्हणाला, "आजी, तुम्ही यात नको, पुढच्या फोटोत घेतो." तो पुढचा फोटो कोणीच काढला नाही. मला संताप फोटोग्राफरचा आला नाही. त्याला दिलेलं काम त्याने केलं. संताप आला तो ते ऐकून गप्प बसलेल्या घरच्यांचा. ज्या मुलीला तिने मांडीवर खेळवलं, तिच्या हळदीच्या फोटोत ती नाही, कारण तिची साडी पिवळी नव्हती.

त्याच लग्नाचं बोलावणं आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंनाही होतं. त्यांनी मला विचारलं, "वहिनी, एका दिवसापुरती पिवळी साडी मिळेल का?" लेकीच्या साखरपुड्याला घेतलेली चांगली हिरवी साडी त्यांच्याकडे होती. ती नेसून त्या ताठ मानेने आल्या असत्या. आग्रहाने बोलावलेल्या बाईला दुसऱ्याच्या दारात साडी मागायला लावणं याला मी अपमान म्हणते, आणि तो करणाऱ्याच्या हे लक्षातही आलं नाही म्हणून तो कमी होत नाही.

'पण पिवळा ही तर परंपराच आहे', असं उत्तर मिळतं. कोणाची? लग्नात पिवळी अष्टपुत्री नेसते ती नवरी. हिरवा चुडा भरतात तो नवरीला. पाहुण्यांवर रंगाचं बंधन नव्हतं. उलट हळदीला जाताना जुना कपडा घालायचा ही आपली रीत, कारण हळदीचे डाग निघत नाहीत. आपल्याकडे सर्वांनी एक रंग घालण्याचं चांगलं उदाहरण संक्रांतीचं आहे. थंडीत काळा कपडा उन्हाची ऊब शोषून घेतो, म्हणून काळी चंद्रकळा. तिथे रंग घालणाऱ्याच्या सोयीचा आहे. 1988 साली पॅरिसमध्ये फ्राँस्वा पास्किए यांनी मित्रांना ब्वा द बुलोन्य या उद्यानात जेवायला बोलावलं आणि पांढरे कपडे घालायला सांगितले, ते एवढ्या मोठ्या बागेत एकमेकांना ओळखता यावं म्हणून. 'दिने आँ ब्लाँ' ही आज जगभर पसरलेली मेजवानी त्यातून सुरू झाली. तिथेही मुळात रंग पाहुण्यांच्या उपयोगाचा होता. कार्यालयातल्या हळदीत कोण कोणाला ओळखत नाही? तिथे पिवळ्याचा उपयोग एकट्या कॅमेऱ्याला आहे.

नवरात्राचे नऊ रंग हीसुद्धा जुनी परंपरा नाही. या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत 'महाराष्ट्र टाइम्स'ने ही कल्पना रुजवली. रंग येतात वारांवरून: सोमवारी पांढरा, मंगळवारी लाल, बुधवारी निळा, गुरुवारी पिवळा, शुक्रवारी हिरवा, शनिवारी करडा, रविवारी नारिंगी, आणि उरलेल्या दिवसांना गुलाबी, जांभळा किंवा मोरपंखी. म्हणून त्यांचा क्रम दर वर्षी बदलतो. लोकलच्या महिला डब्यात बायका आपण होऊन एका रंगात येतात, गाणी म्हणतात, यात मला आनंदच दिसतो. तीच गोष्ट ऑफिसच्या ईमेलवरून येते तेव्हा तिचं रूप बदलतं. 'आज करडा नाही घातला?' हा प्रश्न नव्याने लागलेल्या, कंत्राटावरच्या मुलीला रोज विचारला जातो. तिला तो हसण्यावारी नेता येत नाही. नऊ दिवसांचे नऊ रंग तिच्या पगारातून येतात. आणि त्याच मजल्यावरची सफाईची बाई गणवेशात असते. ग्रुप फोटोच्या वेळी मोबाइल तिच्या हातात दिला जातो.

बाईने कुठला रंग घालावा हे दुसऱ्याने ठरवणं या महाराष्ट्रात कधीच निरुपद्रवी नव्हतं. नवरा गेलेल्या बाईचं केशवपन करून तिला लाल आलवणात गुंडाळणारी घरं फार जुनी नाहीत. कुंकू पुसायचं, हिरव्या बांगड्या फोडायच्या, हे तर काल-परवापर्यंत चाललं आणि अनेक ठिकाणी अजून चालतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने त्याविरुद्ध ठराव केला तो 2022 साली. आपल्या अंगावरचा रंग आपण निवडणं हा हक्क बायकांनी भांडून मिळवला आहे. हळदीचा ड्रेस कोड आणि आलवण यांची क्रूरता एक नाही, हे मला कळतं. पण एका पार्टीच्या फोटोसाठी तो हक्क यजमानाच्या हाती द्यायला मी तयार नाही.

एकसारख्या कपड्यांमुळे सगळे समान दिसतात, हाही एक युक्तिवाद ऐकू येतो. तो खोटा आहे. गणवेशात समानता असते कारण कापड एकच असतं. म्हणूनच सरकार जिल्हा परिषदेच्या शाळेत गणवेश मागतं तेव्हा तो मोफतही देतं. रंग एक आणि कापड वेगळं असलं की ऐपत जास्त उघडी पडते. पिवळी पैठणी आणि पिवळी सिंथेटिक शेजारी उभ्या राहिल्या की कोणाची किती किंमत हे लांबूनही कळतं. वेगवेगळ्या रंगांत ते झाकलं गेलं असतं.

'ही फक्त विनंती आहे, सक्ती नाही', असं म्हणणाऱ्यांनी एकच गोष्ट करून दाखवावी: वेगळ्या रंगात आलेल्या माणसाला पहिल्या फोटोत, पहिल्या रांगेत उभं करावं. हे करणारा यजमान मला भेटला, तर त्याची विनंती मी विनंती मानीन.

ज्यांच्या घरी येत्या हंगामात कार्य आहे, त्यांनी पत्रिका छापायला देण्याआधी ती रंगांची ओळ खोडावी. रंगाची हौसच असेल तर बायकांसाठी दारात एकेक ओढणी किंवा उपरणं ठेवावं, फेट्यांसारखं, आपल्या खर्चाने. आणि पाहुण्यांनी गप्प राहून कर्जाने रंग विकत घेणं थांबवावं. यजमानाला फोन करून सांगावं की आम्ही येतोय, आमच्याकडे आहे ती चांगली साडी नेसून येतोय, आणि आम्हाला फोटोत घ्या. मी हेच सांगते आणि तशीच जाते. तुम्ही चार-पाच जणींनी सांगितलंत, तर पुढच्या पत्रिकेत ती ओळ छापायची हिंमत कोणाला होणार नाही.