भयकथेचा एकपानी प्रस्ताव आणि मराठीचा वर्ग

मराठीच्या पदव्युत्तर वर्गात लघुचित्रपटाचा कथाप्रस्ताव लिहिण्याचे, आणि तोही साध्या इंग्रजीत लिहिण्याचे शिक्षण द्यावे काय, या प्रश्नाचा आपल्या विभागांतून फारसा विचार झालेला नाही. ‘हे आमचे काम नव्हे’ हे त्याचे ठरलेले उत्तर आहे. प्रस्तुत लेखकाचेही कालपरवापर्यंत तेच उत्तर होते. ते का बदलले आणि बदलताना कोणत्या अटी घालाव्याशा वाटल्या, एवढे सांगणे हाच या टिपणाचा हेतू आहे.

चित्रपटव्यवसायात ज्याला ‘पिच’ म्हणतात तो हा प्रस्ताव साधारणपणे एका पानाचा असतो. कथा कोठे घडते, कोणाच्या बाबतीत घडते, त्या व्यक्तीला काय हवे आहे, आड काय येते आणि अखेरीस ती काय गमावते, हे त्यातून वाचणाऱ्याला दोन-तीन मिनिटांत कळावे लागते. पहिल्या एक-दोन वाक्यांत साऱ्या कथेचा गाभा यावा लागतो. त्यांना ‘लॉगलाइन’ म्हणतात. लघुचित्रपट दहा-पंधरा मिनिटांचा असल्याने स्थळ एक, पात्रे तीन-चार आणि भय एकच, अशी मर्यादा आपोआपच पडते. प्रस्ताव बहुधा इंग्रजीत मागितला जातो आणि ते इंग्रजी साधे असणे इष्ट असते. कारण तो वाचणाऱ्या निर्मात्याची किंवा परीक्षकाची मातृभाषा मराठी नसते, तशी पुष्कळदा इंग्रजीही नसते.

दोन वर्षांपूर्वी एम. ए. द्वितीय वर्षाची एक विद्यार्थिनी असे एक पान घेऊन आली. ती धाराशिव जिल्ह्याच्या दक्षिणेकडील भूकंपग्रस्त पट्ट्यातली. भयपटांच्या कथा मागवणाऱ्या एका स्पर्धेसाठी तिने ते लिहिले होते आणि ‘सर, फक्त इंग्रजी बघून द्या’ एवढीच तिची विनंती होती. पानावर कोकणातला धो धो पाऊस होता, माडांच्या बनात ओसाड वाडा होता, विहीर होती आणि विहिरीवर केस मोकळे सोडलेली बाई होती. कथेत ‘भानामती’ होती. तिच्यासाठी ‘ब्लॅक मॅजिक’ आणि ती करणाऱ्या बाईसाठी ‘विच’ असे शब्द योजले होते. कोकण तिने पाहिलेले नव्हते.

मी इंग्रजी बघून दिले. म्हणजे तिची लहान वाक्ये जोडून लांब केली आणि ‘ट्रॉमा’, ‘सबकॉन्शस’ असे समीक्षेतले शब्द पेरले. दुसऱ्या दिवशी ते पान वाचून तिने विचारले, ‘सर, यात भीती कुठे आहे?’ प्रश्नात उपरोध नव्हता. माझ्या दुरुस्तीने पान विद्वत्तापूर्ण झाले होते. परंतु मूळ पानातही भीती नव्हती, हे त्या प्रश्नामुळे मला प्रथम दिसले.

हा एका विद्यार्थिनीचा दोष नव्हे. पडद्यावरचे मराठी मुलखातले भय अलीकडच्या काळात बरेचसे कोकणात स्थिरावले आहे. २०१६ साली सुरू झालेली ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका, २०१८ चा ‘तुंबाड’, २०२४ चा ‘मुंज्या’ ही सहज आठवणारी उदाहरणे होत. त्यांच्या गुणवत्तेविषयी येथे तक्रार नाही. पण पाऊस, दाट झाडी आणि जुना वाडा म्हणजेच भय, असे समीकरण एकदा रूढ झाले की कोरड्या, उघड्या, दूरवर नजर जाणाऱ्या मुलखातील मुलाला आपल्याजवळ भयाची कथाच नाही असे वाटू लागते. याला छेद देणारे उदाहरण मराठीतच आहे. विशाल फुरिया यांच्या ‘लपाछपी’ (२०१७) या चित्रपटात भय उसाच्या फडात आहे आणि त्याच्या मुळाशी मुलीचा जन्म नाकारणारी वृत्ती आहे. दिवसाढवळ्या, डोक्याएवढ्या उसात हरवण्याची भीती मराठवाड्यातील कोणाही मुलाला ठाऊक असते. त्याच दिग्दर्शकाने २०२१ साली ‘छोरी’ या नावाने ती कथा हिंदीत नेली. ती भाषा बदलूनही टिकली, कारण तिच्यातले भय केवळ देखाव्यावर उभे नव्हते.

येथे भयकथेच्या प्रवासाविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. नारायण धारप (१९२५–२००८) आणि रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांच्या भयकथांना प्रचंड वाचक लाभला. विद्यापीठीय समीक्षेने मात्र त्यांना ‘रंजनपर’ म्हणून दाराबाहेरच ठेवले. धारपांची ‘लुचाई’ स्टीफन किंग यांच्या ‘सेलम्स लॉट’ या कादंबरीवर बेतलेली आहे. परदेशी भय मराठी घरात आणायचे, तर मूळ कथेतील कोणता भाग तिथल्या मातीचा आणि कोणता माणसाच्या जातीचाच, हे आधी ओळखावे लागते. धारपांनी हे काम वर्षानुवर्षे केले. ‘तुंबाड’चा प्रवास याच्या उलट दिशेचा आहे. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी सांगितल्यानुसार, १९९३ साली नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राने त्यांना धारपांची एक कथा सांगितली आणि तेथून या चित्रपटाचे बीज पडले. नाव आले श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ (१९८७) या कादंबरीवरून. पुढे तो २०१८ साली व्हेनिस महोत्सवाच्या समीक्षक सप्ताहात दाखवला गेला. त्या जंगलात मित्राने जे केले ते एका अर्थाने कथाप्रस्तावाचेच काम होय. ऐकणाऱ्याच्या मनात राहिला तो कथेचा गाभा. गाभा ओळखणे ही वाङ्मयीन क्रिया आहे, आणि आपल्या वर्गात ती शिकवली जात नाही, हे मान्य करावयास हवे.

त्या विद्यार्थिनीला मी मग इंग्रजी बाजूला ठेवून विचारले, ‘तुमच्या घरात कोण कशाला भितं?’ थोडा वेळ गप्प राहून ती म्हणाली, ‘आजी छताला भिते. ती अजून अंगणातच झोपती.’

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजण्याच्या सुमारास, लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला. गणेशविसर्जन आटोपून गावे नुकतीच निजली होती. किल्लारीचे नाव सर्वतोमुखी झाले. आपल्या जिल्ह्यातील सास्तूर आणि आसपासची गावेही जमीनदोस्त झाली. सरकारी आकड्यांनुसार सुमारे आठ हजार माणसे गेली. त्यांतली बहुसंख्य घराखाली गेली. जाड दगडांच्या मातीत रचलेल्या भिंती आणि वर माळवद, अशी ती घरे. माळवद गळू नये म्हणून त्यावर मातीचे थर चढत आणि वर्षागणिक ओझे वाढत जाई. उन्हाळ्यात गारवा देणारे तेच छत त्या पहाटे खाली आले. मी तेव्हा शाळकरी मुलगा होतो. त्यानंतर कित्येक दिवस आम्ही उघड्यावर झोपत होतो. पुढे आम्ही घरात परतलो. त्या आजी परतल्या नाहीत.

विद्यार्थिनीने प्रथम मराठीत एक पान लिहिले. मग इंग्रजीत लॉगलाइन लिहिली: ‘सिन्स नाइन्टीन नाइन्टी-थ्री, ॲन ओल्ड वुमन हॅज नॉट स्लेप्ट अंडर अ रूफ. टुनाइट, हर ग्रँडसन लॉक्स द डोअर.’ दोनच वाक्ये. बाहेर पाऊस आहे, नातू तिच्या काळजीपोटीच तिला घरात घेतो आणि कडी घालतो. घर नवे आहे, स्लॅबचे आहे. रात्री तिच्या पांघरुणावर वरून माती झरू लागते. पांढरी माती.

येथे खरी अडचण उभी राहिली आणि तीच या लेखाचा मुद्दा आहे. आपल्याकडे ‘पांढरी’ ही केवळ मातीचा रंग सांगत नाही. शेताची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी; पांढरी म्हणजे गाव, गावाची जागा, पिढ्यांच्या भिंती विरघळून झालेली जमीन. विद्यार्थिनीने ‘व्हाइट सॉइल’ लिहिले आणि सारे निसटले. साध्या इंग्रजीत याला शब्द नाही. तिने मग शब्द शोधणे सोडून एक वाक्य जोडले: ‘जुन्या घरांच्या छतावर ही माती असे, नव्या घरांच्या छतावर ती नसते.’ इंग्रजीत ते दहा-बारा लहान शब्दांत बसले. पांढरीतला गावाचा अर्थ गेला. भय मात्र आले, कारण स्लॅबच्या घरात ही माती आली कोठून, हा प्रश्न कोणत्याही देशातल्या वाचकाला पडतो. काय गेले आणि काय राहिले, याचा असा हिशेब भाषांतरमीमांसेच्या तासाला मी कित्येक वर्षे फळ्यावर मांडत आलो होतो. तो प्रत्यक्ष होताना त्या दिवशी पाहिला.

‘भानामती’चे उदाहरण याहून गंभीर आहे. मराठवाड्यात भानामती ‘होते’ किंवा कोणी ‘केली’ असे म्हणतात. म्हणजे घडते ते संकट असते आणि करणारी व्यक्ती हा संशय असतो. ‘विच’ या शब्दाने संशयाची वस्तुस्थिती होते. जिच्यावर गावाने आळ घेतला ती बाई पडद्यावर खरोखरीची चेटकीण ठरते आणि आळ घेणारे गाव निर्दोष सुटते. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर २०१३ साली महाराष्ट्रात झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्याने एखाद्या व्यक्तीला करणी करणारी ठरवून तिचा छळ करणे हा गुन्हा ठरवले आहे. कथाकाराने कायद्याच्या चौकटीत लिहावे असे माझे म्हणणे नाही. परंतु एका शब्दाच्या निवडीने कथेतला बळी आणि अपराधी यांची अदलाबदल होत असेल, तर ती कथाकाराला कळलेली असावी. ती कळण्यासाठी मराठी नीट यावे लागते.

या भूमिकेवर तीन आक्षेप येतील. पहिला असा की हे बाजारासाठी लिहिणे आहे, साहित्य नव्हे. प्रस्ताव हे साहित्य नव्हे, हे खरेच. पण आपण सारांशलेखन आणि रसग्रहण शिकवतो तेही साहित्य म्हणून नव्हे. आकलनाची शिस्त म्हणून शिकवतो. दुसरा आक्षेप, मराठीच्या वर्गात इंग्रजी कशाला? माझे उत्तर असे की इंग्रजीचे दार तर आहेच. ते उघडताना आपली मुले मराठी बाहेर ठेवून आत जात आहेत. उसनवारी विशेषणे साध्या इंग्रजीत टिकत नाहीत. त्यामुळे कथेजवळ स्वतःचे काही आहे की नाही हे चटकन उघडे पडते. तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो: मृतांच्या दुःखाचे मनोरंजन करावे काय? यावर सरसकट उत्तर माझ्याजवळ नाही. आम्ही तेवढ्यापुरते पथ्य ठरवले. गावाचे नाव घालायचे नाही, गेलेल्या कोणा व्यक्तीचा प्रसंग वापरायचा नाही आणि आजींना कथा वाचून दाखवल्याशिवाय ती पाठवायची नाही. आजींनी ती ऐकली आणि एवढेच म्हणाल्या, ‘कडी नको घालायला पाहिजे होती पोरानं.’ कथेचा गाभा त्यांना बरोबर कळला होता.

प्रस्ताव निवडला गेला नाही. तरीही मला तो उपक्रम फसला असे वाटत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार अभ्यासक्रमांची फेररचना होत असताना कौशल्याधिष्ठित घटकांचा आग्रह धरला जात आहे आणि आपले विभाग त्यात मुद्रितशोधन, सूत्रसंचालन यांपलीकडे क्वचितच जातात. त्यात या घटकाला जागा मिळावी, असे मी सुचवतो. मात्र तीन अटींवर. पहिले पान मराठीतच असावे आणि गुणांचा मोठा वाटा त्याला असावा. इंग्रजी पान त्यानंतर, लहान वाक्यांत लिहिले जावे. आणि दोन्ही पानांसोबत तिसरे पान असावे, ज्यात मराठीतले कोणते शब्द ओलांडून गेले नाहीत आणि त्यांच्या जागी काय केले याची नोंद विद्यार्थ्याने करावी. हे तिसरे पान म्हणजेच आपल्या विषयाचा अभ्यास होय.

अशा नोंदी वर्षानुवर्षे साठत गेल्या, तर एकेका जिल्ह्याच्या भयाचा शब्दकोश आपल्या विभागांच्या कपाटांत तयार होईल. माळवद, पांढरी, भानामती यांची गाठोडी ज्यांच्या घरी आहेत, ती मुले आपल्या समोरच्याच बाकांवर बसलेली असतात. त्यांना कोकणातला वाडा उसना घ्यावा लागू नये, एवढी जबाबदारी तरी आपली आहे.