ही वाट नक्की कुणाची?

जून उजाडला की कॉलेजच्या ग्रुपवर एक तरी मेसेज पडतोच, ‘रविवारी निवांत ऑफ-रोड मारू, कोण येतंय?’ २०१६ ला हिमालयन बाइक आली, २०२० ला नवी थार, २०२३ ला जिम्नी. पण या गाड्या डोंगरात चालवायच्या कुठे, हे कुणी सांगत नाही.

साताऱ्याकडचे सडे बघा. वरून मोकळे, रिकामे वाटतात. प्रत्यक्षात खाली जांभा दगड आणि त्यावर मातीचा पातळसा थर. त्याच थरात गेंद उगवतो, सीतेची आसवे फुलतात. ही नाजूक आसवे चक्क कीटकभक्षी आहेत बरं का, मातीत पोषण नाही म्हणून! अशा ओल्या मातीवरून चाक गेलं की चर पडतो, चरातून पाणी धावतं आणि उरलीसुरली मातीही नेतं. कास २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलं, तिथे हंगामात तिकीट आहे, पहारा आहे. आजूबाजूच्या सड्यांचं काय?

कायदा आहे. राखीव वनात विनापरवानगी शिरणं १९२७ च्या वन कायद्याने गुन्हा आहे. पण वन कुठे संपतं आणि गायरान कुठे सुरू होतं, याची पाटी सड्यावर नसते. मग कारवाई होते ती व्हिडिओ व्हायरल झाल्यावर. डिसेंबर २०२३ मध्ये लाहौलच्या चंद्रा नदीत थार घातली गेली, आठवतंय? चलन झालं ३५०० रुपयांचं. थारवाल्याला त्याचं काय!

इंग्लंडमध्ये कुठल्या कच्च्या वाटेवर गाडी चालते हे नकाशावरच असतं. २००६ च्या कायद्याने त्यातल्या बऱ्याच वाटा गाड्यांना बंदही झाल्या. आपल्याकडे गाव नकाशावर गाडीवाटा, शिवरस्ते, पाणंदी असतात, आणि निवांत डोंगरफेरीसाठी त्या झकास आहेत. कुठली वाट गाड्यांना चालेल, याची यादी तालुकानिहाय जाहीर करायला काय हरकत आहे?

तोवर गावात विचारा. ऐन पेरणीत पाणंदीत शिरू नका, तुमच्या चाकोरीत दुसऱ्या दिवशी कुणाचा तरी ट्रॅक्टर रुततो. दिवाळीनंतर जमीन वाळली की जा, फोर-बाय-फोर लो टाका, चाक गरगर फिरवू नका.

नाहीतर होतं काय, तर सरसकट बंदी. धबधब्यांवर दर पावसाळ्यात जिल्हाधिकाऱ्यांचे मनाई आदेश निघतातच. उद्या सड्यांवरही निघाले, तर थारवाला दुसरीकडे जाईल. एसटीने पायथ्याला उतरून पायी चढणाऱ्या आपल्यासारख्यांनी कुठे जायचं?